ज्योच्या हिशेबाची वही

शांताबाई शेळके यांनी मराठीत आणलेलं ‘चौघीजणी’ वाचलं नाही, अशी मैत्रीण मला अजून भेटायची आहे. मेग, ज्यो, बेथ आणि एमी. त्यातली ज्यो सगळ्यांची लाडकी. माळ्यावर बसून कागदच्या कागद लिहून काढणारी, वडील आजारी आहेत म्हटल्यावर आपले लांबसडक केस विकून आईच्या हातात पैसे आणून ठेवणारी. कॉलेजात असताना मला ती बंडखोर वाटायची. पुढे संसारात पडल्यावर पुस्तक पुन्हा हातात घेतलं, तेव्हा वेगळंच दिसलं. अहो, ही तर पहिल्या पानापासून पैशांची गोष्ट आहे! नाताळ आलाय, भेटवस्तूंना पैसे नाहीत आणि प्रत्येकीच्या मुठीत एकेक डॉलर आहे. त्या डॉलरचं काय करायचं, यावर चौघींची चर्चा चाललीय.

हे पुस्तक लिहिणाऱ्या लुइसा मे अल्कॉटला त्या एका डॉलरची किंमत नेमकी ठाऊक होती. तिची रोजनिशी आहे, त्यात वर्षाच्या शेवटी ती जमाखर्च मांडायची. शिवणकामाचे इतके, शिकवण्याचे इतके, गोष्टींचे इतके. आईला इतके दिले, धाकटीला टोपी घेतली. आपण वाण्याची यादी आणि दुधाचे खाडे लिहितो ना, अगदी तस्संच. मला तिच्या कादंबऱ्यांइतकाच हा हिशेब आवडतो. लिहून पोट भरतं का, असं कुणी विचारलं तर याहून सरळ उत्तर मला तरी कुठे सापडलेलं नाही.

लुइसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनचा. चार बहिणींत ती दुसरी. वडील ब्रॉन्सन अल्कॉट यांचा वाढदिवसही त्याच तारखेचा. ब्रॉन्सन म्हणजे मोठा विचारवंत, मनाने निर्मळ, मुलांना छडी न मारता शिकवावं असं त्या काळात सांगणारा. बोस्टनला त्यांनी शाळा काढली. आधी त्यांच्या एका पुस्तकावरून गदारोळ झाला, पुढे त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला शाळेत घेतलं आणि उरल्यासुरल्या पालकांनीही मुलं काढून घेतली. या माणसाला तत्त्वासाठी शाळा बंद पडलेली चालली. त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यानंतर वर्षानुवर्षं घरात पैसा कुठून येणार, हा प्रश्न त्यांनी जणू बायकोवर आणि देवावर सोपवून दिला.

१८४३मध्ये तर त्यांनी एका इंग्रज मित्राबरोबर ‘फ्रूटलँड्स’ नावाची शेतावरची वसाहतच काढली. तिथे मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. कापूस गुलामांच्या कष्टातून येतो म्हणून सुती कपडे नाहीत, लोकर मेंढीची म्हणून तीही नाही. अंगावर तागाचे कपडे आणि आंघोळीला गार पाणी. पीक कापणीला आलं तेव्हा पुरुषमंडळी विचारांचा प्रसार करायला गावोगाव निघून गेली आणि वादळ येतंय असं दिसताच आईने मुलींना हाताशी धरून, मिळेल त्या टोपल्यांतून आणि चादरींतून ते धान्य घरात आणलं. लुइसा तेव्हा दहा वर्षांची. सहा-सात महिन्यांत सगळा डोलारा कोसळला. पुढे १८७३मध्ये तिने यावर एक खुसखुशीत लेख लिहिला. हसत हसत लिहिलाय, पण वाचताना त्या आईकडेच लक्ष जातं.

या आईबद्दल, अ‍ॅबिगेलबद्दल, मला जरा जास्त लिहावंसं वाटतं. ती चांगल्या, नावाजलेल्या घरातली मुलगी. १८४८मध्ये कुटुंब बोस्टनला आलं आणि शहरातल्या काही दानशूर मंडळींनी तिला पगारावर नेमलं. काम काय, तर गरीब वस्त्यांत घरोघर जायचं, कुणाला काय हवंय ते बघायचं, अन्न-कपडे पोचवायचे. पगारी समाजसेविकांमध्ये ती अमेरिकेतल्या अगदी पहिल्यांपैकी. मी स्वतः वस्त्यांमधून फिरते, त्यामुळे हे वाचून थबकलेच. दुसऱ्यांच्या चुली पेटतायत का हे बघून घरी यायचं आणि आपल्याच घरात उद्याची चिंता! १८५०च्या उन्हाळ्यात तिने गरीब स्थलांतरितांना आपल्या अंगणात जेवू घातलं आणि त्यांच्याकडून सगळ्या घराला देवी आल्या. डॉक्टरही न बोलावता सगळे कसेबसे बरे झाले.

पुढे अ‍ॅबिगेलने घरकामाला मुली मिळवून देणारी कचेरी चालवली. तिथे एक सद्गृहस्थ आपल्या बहिणीला सोबत हवी म्हणून आले आणि अठरा-एकोणीस वर्षांची लुइसा म्हणाली, मीच जाते. डेडहॅम गावातलं ते घर. सोबत राहिली बाजूला, तिने आपल्या खोलीत बसून आपलं बोलणं ऐकत राहावं, अशी त्या गृहस्थांची अपेक्षा. तिने ते नाकारलं. मग लाकडं फोडणं, बर्फ उपसणं, विहिरीवरून पाणी आणणं, सगळं तिच्या वाट्याला आलं. बूट पॉलिश करायची वेळ आली तेव्हा तिने साफ नाही म्हटलं. सात आठवड्यांनी ती बाहेर पडली. हातात ठेवलेल्या पाकिटात होते फक्त चार डॉलर! घरच्यांनी ते परत पाठवून दिले, असं सांगतात. अंदाज यावा म्हणून सांगते, त्या काळी साध्या मजुराला दिवसाला डॉलरभर मिळायचा.

आणखी एक डॉलर सांगते, म्हणजे घराचं चित्र पुरं होईल. १८५४च्या फेब्रुवारीतली गोष्ट. ब्रॉन्सन व्याख्यानांच्या दौऱ्यावरून मध्यरात्री परतले, थंडीने काकडलेले, भुकेले. सगळ्या मुली उठून बसल्या. पैसे मिळाले का, हे विचारायचं धाडस कुणाला होईना. शेवटी धाकट्या मेने विचारलंच. त्यांनी पाकीट उघडून दाखवलं, आत एक डॉलर. ओव्हरकोट चोरीला गेला होता, म्हणून शाल घ्यावी लागली होती. अ‍ॅबिगेलने मुलींसमोर त्यांचं कौतुक केलं. लुइसाने हा प्रसंग रोजनिशीत मोठ्या मायेने लिहिलाय. मला मात्र वाटतं, आपण कमवायचं हे तिने त्या रात्री मनाशी पक्कं केलं असणार.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचं पहिलं पुस्तक आलं, ‘फ्लॉवर फेबल्स’. एमर्सन यांच्या मुलीला सांगितलेल्या परीकथा. १६०० प्रती निघाल्या आणि लुइसाच्या हाती आले ३२ डॉलर. त्याआधी १८५२मध्ये एका गोष्टीचे पाच डॉलर मिळाले होते. बोस्टनमध्ये एकटी राहून ती दिवसा शिकवायची, रात्री शिवायची. चादरी, उशांचे अभ्रे, पुरुषांचे गळपट्टे. शिवताना डोक्यात गोष्टी रचायच्या आणि रविवारी कागदावर उतरवायच्या. ‘अटलांटिक मंथली’सारख्या प्रतिष्ठित मासिकाने १८६०मध्ये एका कथेचे ५० डॉलर दिले. त्याच मासिकाचे पुढचे संपादक आणि प्रकाशक जेम्स फील्ड्स यांनी मात्र तिला लेखनाचा नाद सोडून शिकवण्याचंच बघ असं सुनावलं होतं. १८६२मध्ये तिने बालवाडी सुरू करावी म्हणून त्यांनी ४० डॉलर उसने दिले. बालवाडी काही तिच्याच्याने चालली नाही. ते ४० डॉलर तिच्या मनात राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही बाई होती म्हणूनच तिला पैसे मिळत नव्हते, असं नाही. त्या काळात लेखणीवर घर चालणं पुरुषांनाही कठीण. काँकर्ड गावातले तिचे शेजारी बघा. हॉथॉर्नसारखा कादंबरीकार सेलमच्या कस्टम्स कचेरीत नोकरी करत होता, पुढे लिव्हरपूलला वकिलातीत गेला. थोरो घरच्या पेन्सिलींच्या धंद्यात हात घालायचा, जमिनी मोजून द्यायचा. त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रती छापल्या, त्यातल्या ७०६ प्रकाशकाने त्याच्याच घरी आणून टाकल्या. आपल्याकडेही कादंबरीकार म्हटलं की सोबत मास्तरकी, बँक किंवा सरकारी कचेरी असायचीच की! फरक इतकाच, की त्या पुरुषांना नोकरीचे दरवाजे तरी उघडे होते. लुइसापुढे शिवण, शिकवण आणि घरकाम एवढंच.

मग तिने एक मार्ग शोधला. ‘फ्रँक लेस्ली’च्या सचित्र साप्ताहिकाने कथास्पर्धा लावली होती. तिने सूड, प्रेम आणि कपट ठासून भरलेली एक कथा नाव न देता पाठवली आणि १०० डॉलरचं बक्षीस मिळवलं. पुढे ‘ए. एम. बर्नार्ड’ या टोपणनावाने अशा कितीतरी कथा. काँकर्डमधल्या ऋषितुल्य मंडळींना कळलं असतं तर! ‘चौघीजणी’त ज्यो अशा गोष्टी लिहिते, प्रोफेसर भेर नाक मुरडतात आणि ती लाजून सगळे कागद शेगडीत टाकते. लुइसाने प्रत्यक्षात तसलं काही केलं नाही. तिने पैसे घेतले, कोळसा भरला, देणी दिली आणि पुढची गोष्ट लिहायला घेतली. हे टोपणनाव तिच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, १९४३मध्ये, लिओना रोस्टेनबर्ग या अभ्यासक बाईंनी उजेडात आणलं. मला विचाराल तर कादंबरीतल्या ज्योपेक्षा ही ज्यो जास्त पटते.

मध्ये यादवी युद्ध झालं. १८६२च्या डिसेंबरात ती वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून गेली. सहा आठवड्यांत विषमज्वर आणि न्यूमोनियाने आडवी झाली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिला पाऱ्याचं औषध दिलं. घरी आणलं तेव्हा भ्रमात होती, केस कापावे लागले. ती पुन्हा कधीच ठणठणीत झाली नाही. पाऱ्याचंच विष भिनलं असं ती शेवटपर्यंत मानत होती. २००७मध्ये काही संशोधकांनी तिला ल्यूपस असावा अशी शक्यता मांडली. काहीही असो, त्यानंतरचं सगळं लेखन दुखणाऱ्या अंगाने केलेलं आहे. इस्पितळातून घरी लिहिलेल्या पत्रांवरून १८६३मध्ये ‘हॉस्पिटल स्केचेस’ निघालं आणि तिचं नाव लोकांना माहीत झालं.

आता मुख्य गोष्ट. १८६७मध्ये मुलांच्या एका मासिकाचं संपादन तिच्याकडे आलं, वर्षाला ५०० डॉलर. त्याच सुमाराला रॉबर्ट्स ब्रदर्सचे थॉमस नाइल्स म्हणाले, मुलींसाठी एक पुस्तक लिहा. लुइसाला ते मुळीच नको होतं. बहिणी सोडल्या तर मुलींशी आपलं कधी जमलंच नाही, असं तिचं म्हणणं. पण नाइल्स ब्रॉन्सन यांचं तत्त्वज्ञानाचं पुस्तकही काढायला तयार होते, आणि वडिलांचा आग्रह! १८६८च्या मे महिन्यात ती बसली आणि जुलैच्या मध्यापर्यंत ४०२ पानं पुरी केली. सुरुवातीची प्रकरणं नाइल्सना कंटाळवाणी वाटली. तिलाही वाटली. मग त्यांनी ती आपल्या भाचीला वाचायला दिली, आणि भाचीला ती खाली ठेववेना.

पैशांचं ठरवताना नाइल्सनी तिला दोन रस्ते दाखवले. एकरकमी पैसे घेऊन हक्क देऊन टाका, नाहीतर हक्क स्वतःकडे ठेवा आणि दर प्रतीमागे रॉयल्टी घ्या. वर, हक्क विकू नका, असा सल्लाही त्यांनीच दिला. कुठला प्रकाशक असं सांगतो हो? घरात देणी तुंबलेली, वीस वर्षं रोख पैशांवर जगलेली बाई. तिने एकरकमी रक्कम घेतली असती तरी तिला कुणी नावं ठेवली नसती. बचत गटात मी बघते, आज हातात येणारे हजार रुपये सोडून पुढच्या फायद्याची वाट बघणं किती जड जातं ते. पुढचा भरवसा असायला आधी आज पोट भरलेलं लागतं. लुइसाने हक्क ठेवले. पुस्तकाची किंमत दीड डॉलर, रॉयल्टी पावणेसात टक्क्यांच्या जरा खाली, म्हणजे एका प्रतीमागे दहा सेंट.

१८६८च्या शरद ऋतूत पुस्तक आलं. पहिल्या २००० प्रती हां हां म्हणता संपल्या. लगेच दुसरा भाग हवा अशी मागणी. नोव्हेंबरात सुरुवात केली, दिवसाला जवळजवळ एक प्रकरण, आणि १८६९च्या १ जानेवारीला हस्तलिखित पाठवून मोकळी! ज्यो आणि लॉरीचं लग्न लावा म्हणून मुलींची पत्रांवर पत्रं येत होती. लेखिकेला ज्यो बिनलग्नाचीच ठेवायची होती. शेवटी वैतागून तिने एक मध्यमवयीन जर्मन प्रोफेसर उभा केला. वाचकांच्या पैशांवर घर चालतं तेव्हा वाचकांचं किती ऐकायचं, हा झगडा तिने असा मिटवला.

आणि मग रोजनिशीत ती नोंद येते. घरातलं सगळं देणं फेडलं. वाण्याचं, डॉक्टरांचं, नातेवाइकांचं, जी बिलं कधी भागतील असं कुणालाच वाटलं नव्हतं ती. जेम्स फील्ड्स यांचे ४० डॉलरही तिने परत केले. शिकवण्यापेक्षा लिहिण्यातच जास्त मिळतं असं दिसतंय, हेही ऐकवायला ती विसरली नाही.

तिला विश्रांती मिळाली असेल असं वाटतं ना? छे! कमावती मुलगी म्हटली की घराच्या गरजाही तिच्या कमाईबरोबर वाढतात. १८७०मध्ये ती मेबरोबर युरोपात होती. रोममध्ये असताना मोठ्या बहिणीचे, अ‍ॅनाचे, यजमान वारल्याची बातमी आली. पदरात दोन मुलगे. लुइसाने तिथेच ‘लिट्ल मेन’ लिहायला घेतलं, मुलांच्या भवितव्याची सोय म्हणून. मेला चित्रकला शिकायला लंडन-पॅरिसला पाठवलं, खर्च लुइसाचा. अ‍ॅनाला घर घ्यायचं, तर तिच्या पैशांत निम्म्याजवळ भर घातली. आईसाठी मऊ खुर्ची, ऊबदार खोली. ‘वर्क’ ही कादंबरी ती लिहीत होती तेव्हा तीन प्रती एकदम निघाव्यात म्हणून कागद एकावर एक ठेवून पेन दाबून लिहायची. त्याने उजवा अंगठाच निकामी झाला. मग ती डाव्या हाताने लिहायला शिकली.

१८७७च्या नोव्हेंबरात आई गेली. दोन वर्षांनी, मुलगी झाल्यावर काही आठवड्यांतच, मे पॅरिसजवळ वारली. मरताना तिने बाळ लुइसाला द्यायला सांगितलं होतं. १८८०मध्ये दहा महिन्यांची लुलू समुद्र ओलांडून बोस्टनला मावशीकडे आली. लुइसा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची, आजारी, आणि अचानक आई! १८८२मध्ये ब्रॉन्सन यांना पक्षाघात झाला, तेही तिच्याकडेच. शेवटचं मोठं पुस्तक, ‘ज्योज बॉइज’, रोज थोडं थोडं लिहीत, मध्ये महिनोन् महिने थांबत १८८६मध्ये पुरं झालं.

त्याच सुमाराला जुनी रोजनिशी चाळताना तिने पहिल्या पुस्तकाच्या ३२ डॉलरच्या नोंदीपाशी एक टीप लिहिली. १८८६च्या नुसत्या सहा महिन्यांत, एकही नवं पुस्तक नसताना, तिला ८००० डॉलर आले होते. तरी जास्त अभिमान त्या ३२ डॉलरचाच वाटला होता, असं ती लिहिते. तेच डॉलर तिने तेव्हा आईला दिलेल्या पहिल्या प्रतीबरोबर मनात जपले असणार.

हिशेबी बाईने शेवटचा हिशेबही चोख केला. पुस्तकांच्या हक्कांची मुदत संपली की नूतनीकरण करावं लागे आणि लेखकामागे ते करायला कायद्याने वारस लागे. लग्न नाही, मूल नाही. म्हणून १८८७मध्ये तिने अ‍ॅनाच्या धाकट्या मुलाला, जॉनला, रीतसर दत्तक घेतलं. हक्क त्याच्या नावे, आणि उत्पन्नात त्याच्याबरोबर अ‍ॅना, थोरला भाऊ फ्रेड आणि लुलू यांचेही वाटे.

४ मार्च १८८८ला ब्रॉन्सन गेले. त्यांना भेटून परतलेली लुइसा स्वतःच बेशुद्ध झाली होती, वडील गेल्याचं तिला कळलंही नाही. ६ मार्चला पहाटे ती गेली, पंचावन्नाव्या वर्षी. पुढच्या वर्षी अ‍ॅना लुलूला घेऊन तिच्या वडिलांकडे युरोपात पोचवून आली. वाट्याचे पैसे त्या मुलीच्या नावाने होतेच.